न विचारलेलं मत

कार्यक्रमाच्या अगदी शेवटी घरातल्या प्रत्येकाच्या हातात पाट्या येतात. एक ब्रिटनची, एक ऑस्ट्रेलियाची. आठवडाभर जे पाहिलं त्यावरून जायचं की राहायचं, ते पाटी वर करून सांगायचं. आईबाबांसारखंच मुलांनीही. एखादी आठ-नऊ वर्षांची पोर पाटी छातीशी धरून आईच्या तोंडाकडे बघत राहते आणि मग एकदम हात वर करते.

बीबीसीचा 'वॉन्टेड डाउन अंडर' २००७ मध्ये सुरू झाला. देश सोडायचं मनात असलेल्या ब्रिटिश कुटुंबाला आठवडाभर ऑस्ट्रेलियात नाहीतर न्यूझीलंडमध्ये नेतात. परवडतील अशी घरं दाखवतात, त्या त्या कामातल्या माणसांशी गाठ घालून देतात, पगार किती आणि दूध-भाजी केवढ्याला याचा हिशोब मांडतात, एखादा दिवस समुद्रावर मोकळा सोडतात. आणि मग सगळ्यांना सोफ्यावर बसवून मागे राहणाऱ्यांचे निरोप पडद्यावर दाखवतात. आजी-आजोबा, भाऊ, शाळेतली मैत्रीण. तोवर मागच्या अंगणावर आणि पोहण्याच्या तलावावर भाळलेली माणसं इथे रडायला लागतात. रात्रीचं आवरून झालं की मी जुने भाग शोधून शोधून बघते.

सिंगापूरच्या नोव्हेनात राहणाऱ्याला दुसऱ्याच्या देशांतराकडे परकेपणाने बघता येत नाही. आमच्या भागातल्या रस्त्यांची नावं मंडाले, मोलमीन, इरावडी अशी ब्रह्मदेशातली. टॅन टॉक सेंग रुग्णालय ज्याच्या नावाचं, तो मलाक्काहून आलेला, भाजी विकणारा मुलगा. पुढे मोठा व्यापारी झाला आणि १८४४ मध्ये गरिबांच्या रुग्णालयासाठी त्याने पैसे दिले. आज त्या रुग्णालयाची पाळी सुटते तेव्हा मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर फिलिपिन्सपासून केरळपर्यंतच्या भाषा कानावर पडतात. बालेस्टियर रस्त्यालगत जालान अंपासवर शॉ बंधूंचा स्टुडिओ होता. भारतातले दिग्दर्शक तिथे येऊन मलय सिनेमे करत. सैगलचा 'स्ट्रीट सिंगर' काढणाऱ्या फणी मजुमदारांनी १९५६ चा 'हांग तुआह' इथलाच केला आणि ते पुन्हा मुंबईला गेले. त्यांच्या घरात त्या जाण्यायेण्याबद्दल काय बोलणं झालं असेल, हा प्रश्न त्या गल्लीवरून जाताना माझ्या मनात येतोच.

आणि इथलेही लोक जातात. आमच्या वरच्या मजल्यावरचं सिंगापुरी कुटुंब पर्थला गेलं. विमानाने पाच तास, घड्याळ तर अगदी एकच. २००२ च्या राष्ट्रीय दिनानंतरच्या भाषणात पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी 'स्टेअर्स' आणि 'क्विटर्स', राहणारे आणि सोडून जाणारे, अशी फोड केली होती. सोडून जाणारे! घर आवरताना त्या बाईच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं, त्याला हा शब्द मला पुरा वाटेना.

आई साताऱ्याहून आली की आम्ही दोघी मिळून कार्यक्रम बघतो. इंग्रजी तिला जेमतेम कळतं, पण घरं दाखवायला लागले की ती सरसावून बसते. ओट्याला उजेड आहे का, कपडे कुठे वाळत घालणार, देवाला जागा कुठे, तिचं सगळं पाहून होतं. निरोपांचा भाग आला तेव्हा पडद्यावर एक आजी बोलत होत्या. हसत सुरुवात केली, मधेच थांबल्या, पुन्हा हसल्या. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. आई म्हणाली, "केस सेट करून आलीय बघ ती. मागचं कपाट पण आवरलंय. फोटो पुसून ठेवलेत सगळे. टीव्हीवाले येणार म्हणून सकाळपासून तयारी केली असेल." मग थोड्या वेळाने म्हणाली, "त्यांच्यासाठी चहाचीही तयारी केली असेल."

त्या खोलीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. लेकाला 'सुखाने जा' म्हणण्यासाठी ती बाई सकाळी उठून कपाट आवरत होती. हे ओळखायला आईला भाषा लागली नाही. आम्ही सिंगापूरला निघालो तेव्हा तिनेही तेच केलं होतं. कंपनीचं पत्र आलं, नोकरीचा पास मंजूर झाला, काही आठवड्यांत निघायचं ठरलं. कुणी कुणाला काही विचारलं नाही. विचारायला वेळ होता असंही कुणाला वाटलं नाही. आईने थालीपिठाची भाजणी भाजली, मेतकूट केलं, गोडा मसाला दुहेरी पिशवीत बांधला आणि प्रत्येक पिशवीवर केल्याची तारीख घातली. आम्ही म्हटलं, "आई, आम्ही जातोय." ती म्हणाली, "तुम्हाला बरं वाटेल ते करा."

हे वाक्य आपल्याकडे घराघरांत म्हटलं जातं आणि आपण त्याला संमती समजतो. ती संमती नसते. ज्याला विचारलंच नाही, त्याने आपल्या माणसाची वाट मोकळी करून दिलेली असते. जयवंत दळवींचं 'संध्याछाया' हे नाटक मराठी माणसाने इतकं मनाला लावून घेतलं, त्यातल्या एकट्या पडलेल्या नाना-नानींसाठी इतके हात डोळ्यांकडे गेले. पण नाटक सुटल्यावर घरी जाऊन 'तुमचं मत काय' असं आपल्या आईवडिलांना किती जणांनी विचारलं असेल?

ब्रिटिशांना हे जाणं नवं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाने त्यांना दहा पौंडांत बोटीने नेलं. दहा लाखांहून जास्त माणसं गेली. दोन वर्षांच्या आत परतायचं झालं तर जाण्याचं भाडं भरून द्यावं लागे, तरीही सुमारे चौथा हिस्सा परत फिरला. गोऱ्यांखेरीज इतरांना तेव्हा तिथे वस्तीसाठी दार जवळजवळ बंदच होतं. ते धोरण पुरतं गेलं १९७३ मध्ये. आणि एकोणिसाव्या शतकात आपल्या कोकणातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांना तर कुणी आधी घर नाही दाखवलं, बाजारभाव नाही सांगितला. करार आणि बोट. आज दूरचित्रवाणीवर आठवडाभर देश चाखून बघता येतो, हा मला माणुसकीचा मोठा पल्ला वाटतो, आणि म्हणूनच त्यात राहिलेली एक गोष्ट खटकते. निरोप आजी-आजोबांचा दाखवतात, पण पाटी त्यांच्या हातात देत नाहीत. बोलायचं त्यांनी, ठरवायचं इतरांनी.

आमच्याकडे जायचं की राहायचं हा प्रश्न आता नव्याने उभा आहे. मुलगा बालवाडीत असताना आम्ही इथल्या कायम निवासासाठी अर्ज केला, त्यात त्याचंही नाव घातलं. अशा मुलाला साडेसोळाव्या वर्षी नोंदणी करावी लागते आणि अठराव्या वर्षापासून दोन वर्षं सक्तीची राष्ट्रीय सेवा, बहुतेकांना सैन्यातली. पुढेही वर्षानुवर्षं बोलावणं येत राहतं. अर्जदार बापाला ती लागू नाही, मुलाला आहे. सेवा न करता निवास सोडला, तर पुढे इथे शिकायला किंवा नोकरीला यायचं म्हटलं की तेच आडवं येतं. त्यामुळे मुलगा पंधरा-सोळाचा झाला की इथल्या भारतीय घरांत जेवणाच्या टेबलावर तीच बोलणी निघतात: राहायचं, परत जायचं, की मेलबर्न? माझ्या नवऱ्याला मेलबर्न हवंय. मुलाला वर्गातल्या मित्रांबरोबर इथेच सेवा करायची आहे. सही आम्ही केली, गणवेश त्याला चढवायचा आहे. त्याचं बोलणं आधी ऐकायला हवं, यावर मी ठाम आहे.

आईला विचारायचं मात्र मलाही सुचलं नव्हतं. एका शनिवारी आम्ही दोघी थॉमसन रस्त्यावरच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसलो. मेट्रो स्टेशनला आणि भागाला ज्याच्यामुळे नाव मिळालं, ते हे नोव्हेना चर्च. शनिवारी तिथे दिवसभरात पुन्हा पुन्हा प्रार्थना होते. भाविक आपलं मागणं किंवा आभार चिठ्ठीवर लिहून देतात आणि त्यातल्या काही चिठ्ठ्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचल्या जातात. कुणाचं आजारपण, कुणाची परीक्षा, कुणाची नोकरी. मी आईला हळूच मराठीत सांगत होते. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "वाचून दाखवलं म्हणजे निम्मं काम झालं. देवाच्या आधी माणसांनी तरी ऐकलं."

त्या रात्री मी तिला सरळच विचारलं, "आई, आम्ही ऑस्ट्रेलियाला जावं का? तुझं मत सांग. आम्हाला बरं वाटेल ते नको."

ती लगेच बोलली नाही. वाटाणे सोलत होती, ते संपवले. मग तिने आधी मुलाच्या सेवेबद्दल विचारलं: घरी कधी सोडतात, जेवण कसलं असतं, आजारी पडला तर कोण बघतं. शनिवार-रविवार बहुतेक वेळा घरी सोडतात म्हटल्यावर तिचा चेहरा सैल झाला. आणि म्हणाली, "नको जाऊ. आता माझे संध्याकाळचे सात म्हणजे तुझे साडेनऊ. मी देवापाशी दिवा लावते, तुझं जेवण झालेलं असतं, आपण बोलतो. तिकडे किती वाजलेले असतील?"

मी हिशोब केला. मेलबर्नला साडेअकरा. त्यांच्या उन्हाळ्यात घड्याळं पुढे सरकतात तेव्हा साडेबारा.

"मग? सकाळी उठून कामाला जायचं असतं तुला. पहिला महिना जागशील. पुढे रविवारचं बोलू म्हणशील. जावईबापूंना हे सांग, मी सांगितलं म्हणून सांग."

तिने मला 'नको' म्हटलेलं हे मला आठवतं तेवढं पहिलंच. त्यात रडणं नव्हतं, उपकार नव्हते. मुद्दा होता, आणि तो आमच्या कुणाच्या ध्यानात आला नव्हता. नवऱ्याने एका कागदावर घरभाडं, शाळेची फी, कर, पगार असे दोन देशांचे दोन रकाने मांडून ठेवले आहेत. सगळ्यात खाली मी एक ओळ वाढवली: आईचे सात. एका रकान्यात साडेनऊ लिहिले, दुसऱ्यात साडेअकरा. त्याने ते वाचलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला की त्याच्या बाबांनाही विचारायला हवं.