बावलीच्या पायऱ्या आणि ऋण संख्या

सहावीत ऋण संख्या आल्या की मुलांची बोबडी वळते. तीनापेक्षा पाच मोठे; मग उणे तीनापेक्षा उणे पाच लहान कसे? प्रश्न रास्त आहे. त्यातून आमच्या हट्ट्यात घरी मराठी नाहीतर पोवारी आणि पुस्तकात हिंदीतले ‘ऋणात्मक पूर्णांक’! शब्दच आधी धडकी भरवतो.

गावात जुनी बावली आहे. जमिनीची पातळी शून्य मानावी, उतरताना प्रत्येक पायरी उणे एक. एका मुलाला तिसऱ्या कोरड्या पायरीवर उभे करावे, दुसऱ्याला पाचव्या. वर कोण, हे सांगायला पुस्तक लागत नाही. पाचवीवरचा दोन पायऱ्या चढला की उणे तीनावर येतो. बेरीज पायांनाच कळते.

याच मध्यप्रदेशात 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातील 16 माध्यमिक शाळांत ‘करून शिका’ असा विज्ञानाचा प्रयोग सुरू झाला. 1978 मध्ये अरविंद गुप्ता तेथे गेले. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी भूमिती मुलांच्या हाती दिली. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हटत नाही. कैचीला त्रिकोण का, ते बोटांना उमगते. सरकारने 2002 साली तो कार्यक्रम बंद केला. आगकाडी मात्र कुणी बंद करू शकत नाही.

उणे गुणिले उणे अधिक का, हे बावली सांगत नाही. तेथे विचारच करावा लागतो. पण पायरीवर उभे राहिलेले मूल विचाराला भीत नाही.