चढण

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आमच्या मावळात रात्री बांधाबांधावर बॅटऱ्या फिरू लागतात. चढणीचे मासे आलेले असतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भातखाचरात, गढूळ लोंढ्यावर उलट्या उड्या घेत ते अंडी घालायला वर येतात. लहानपणी मी वडिलांसाठी कंदील धरून उभा राहायचो. सकाळी आजी मासे साफ करी, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाच्या पोटातून पिवळी गाबोळी निघे. तिची चव अजून जिभेवर आहे, पण चढणीचा मासा मला आता खाववत नाही.

काही मासे अंडी-पिलांची राखणही करतात. लक्षद्वीपच्या प्रवाळांतला क्लाउनफिश बाप समुद्रफुलाच्या आडोशाला आठवडाभर अंड्यांना पंखांनी वारा घालतो. जोडीतली मादी मेली तर तोच मादी होतो. इतकं लांब कशाला, आपल्या तळ्यातली मरळसुद्धा लालसर पिलांच्या थव्याखाली पहारा देते. यांच्यापुढे आपला महासीर मला कोरडा वाटायचा. साइक्स नावाच्या अभ्यासकानं 1839 मध्ये मुळा-मुठेतल्या ज्या माशाला ‘खुद्री’ नावानं शास्त्रात नोंदवलं, तो हा. पावसात वर चढायचं, गोट्यांवर अंडी सोडायची आणि मागे वळून पाहायचं नाही.

हा समज मोडला तो लोणावळ्याच्या वळवणला काय चालतं हे कळल्यावर. तिथं टाटा पॉवरच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महासीराची पैदास होते. मादीचं पोट हलक्या हातानं दाबून अंडी काढायची, त्यांत नराचं वीर्य कोरडंच मिसळायचं, मग अंडी ट्रेमध्ये पसरून त्यांवरून स्वच्छ पाणी वाहतं ठेवायचं. मेलेली अंडी वेचायची, नाहीतर बुरशी शेजारच्यांनाही धरते. तीन-चार दिवसांनी पिलं फुटतात आणि डोकी कोपऱ्यात खुपसून शेपट्या हलवत राहतात. माणसाची ही सगळी धडपड कशासाठी? तर आईनं निवडलेल्या वाहत्या, गाळ नसलेल्या गोट्यांची बरोबरी करण्यासाठी. तिची सगळी माया त्या जागेच्या निवडीत असते. पिलांसाठी जे करायचं ते ती अंडी सोडण्याआधीच करून मोकळी होते.

गेल्या जूनमध्ये आमच्या ओढ्यावर गेलो. वरच्या अंगाला बंगले झालेत, ओढा सिमेंटच्या पाइपात घातलाय आणि पाइपाचं तोंड पाण्यापासून हातभर उंच. बोटाएवढे मासे त्या कडेवर आदळून खाली पडत होते, पुन्हा उसळत होते. बादलीत धरून पाच पलीकडे सोडले. सहावा हातातून निसटला आणि परत त्याच कडेवर जाऊन आपटला.