नादारी आणि वही

‘दिवाळे’ हा शब्द दिव्यावरून आला, असे व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. या व्युत्पत्तीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु तिच्यामागची रीत लिखित स्वरूपात सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी गुजराती व मराठी भाषांवर लिहिताना ड्रमंड या ग्रंथकाराने ती नोंदवली आहे. पेढी बुडाली की व्यापारी तेथे मोठा दिवा लावून काही काळ दूर निघून जाई. आपले हिशेब उघड करून किंवा उरलेल्या मालमत्तेतून वाटा देऊन धनकोंचे समाधान केले, म्हणजे तो परत येई. दिव्यामुळे बाजाराला बातमी कळे. परतीची वाट मोकळी होई ती वहीमुळे.

दोनशे वर्षांनंतरही नादारीच्या कायद्याचा गाभा हाच आहे. मात्र व्यापारी कुटुंबात नादारीचा विचार अब्रूच्या अंगाने होतो, हिशेबाच्या अंगाने होत नाही. नालासोपाऱ्यातील कापडाचा दुकानदार असो, विरारचा हार्डवेअरवाला असो की वालीवच्या औद्योगिक गाळ्यातील लहान कारखानदार असो, देणे डोईजड झाले तरी तो शेवटपर्यंत दुकान उघडे ठेवतो. नात्यातल्यांकडून उसने घेतो, एकाची उधारी दुसऱ्याच्या पैशाने फेडतो, घर पत्नीच्या नावावर करावे असा सल्ला कुणी दिला तर तोही ऐकतो. अब्रू राखण्यासाठी त्या काही महिन्यांत जे जे केले जाते, त्याचीच पुढे सर्वांत कसून तपासणी होते. याची कल्पना त्याला आधी दिलेली नसते.

प्रथम कायदा कोणता, ते पाहू. मुंबई शहरातील व्यक्तीच्या नादारीला १९०९ चा इलाखा शहरांचा नादारी कायदा लागू आहे आणि ते काम मुंबई उच्च न्यायालयात चालते. वसईची खाडी ओलांडली की कायदा बदलतो. पालघर जिल्ह्यातील व्यापाऱ्याला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू होतो व अधिकार जिल्हा न्यायालयाकडे असतो. २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता सर्वांना लागू झाली, अशी समजूत पसरलेली आहे. परंतु व्यक्ती व भागीदारी पेढ्या यांविषयीचा तिचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता अमलात आला आहे. मुलाच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीसाठी हमीपत्रावर सही करणारे वडील या संहितेखाली येतात. एकट्याच्या मालकीची पेढी चालवणारा त्यांचा भाऊ अजून १९२० च्या कायद्याखालीच राहतो.

या जुन्या कायद्याप्रमाणे अर्ज करणाऱ्या ऋणकोला धनकोंची नावे, पत्ते व रकमा द्याव्या लागतात. आपली सर्व मालमत्ता, तिची किंमत आणि ती कुठे आहे, हे लिहावे लागते. ती न्यायालयाच्या हवाली करण्याची तयारीही जाहीर करावी लागते. यातून काही वस्तू वगळलेल्या आहेत. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने दिवाणी प्रक्रिया संहितेने जप्तीपासून सुरक्षित ठेवले आहेत. कारागिराची हत्यारेही त्यांत आहेत. हिशेबाच्या वह्यांना मात्र ही सवलत मिळणार नाही, असे १९२० च्या कायद्याने कलमातच लिहून ठेवले आहे. मंगळसूत्र घरी राहू शकते. वही न्यायालयात न्यावीच लागते.

अर्ज दाखल करून घेतला गेला की ऋणकोने सर्व वह्या हजर करायच्या, मालमत्तेच्या व येण्या-देण्याच्या याद्या द्यायच्या आणि रिसीव्हर बोलावील तेव्हा जायचे. सुनावणीत त्याचे वर्तन, व्यवहार व मालमत्ता यांविषयी हजर धनकोंच्या समक्ष त्याला प्रश्न विचारले जातात. धनकोही प्रश्न विचारू शकतात. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर चहा घेतला, ते घाऊक व्यापारी समोर बसलेले असतात. हा प्रसंग अवघड असतो, पण तो अपमानासाठी योजलेला नाही. माल कुठे गेला, पैसा कुठे गेला, एवढेच तेथे समजून घ्यायचे असते.

या तपासणीत तीन मुदतींना महत्त्व आहे: तीन महिने, दोन वर्षे आणि तीन वर्षे. बँकेत खात्याचा उतारा वाचणारा जाणकार अधिकारी रकमेआधी तारखेकडे पाहतो. येथेही तसेच होते.

अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत एखाद्या धनकोला इतरांपेक्षा झुकते माप देण्याच्या हेतूने पैसे दिले असतील, तर तो व्यवहार रिसीव्हरच्या विरुद्ध टिकत नाही. मेहुण्याचे उसने आधी फेडले आणि सुरतच्या कापड व्यापाऱ्याला ताटकळत ठेवले, ही घरच्यांच्या दृष्टीने माणुसकी असते; कायद्याच्या दृष्टीने तो पक्षपात ठरू शकतो आणि मेहुण्याच्या दारी नोटीस जाऊ शकते.

नादारीच्या अर्जापूर्वीच्या दोन वर्षांत मोबदल्याविना केलेले हस्तांतरण रद्द होऊ शकते. पत्नीच्या नावे केलेले गाळ्याचे बक्षीसपत्र याच सदरात येते. प्रामाणिकपणे रास्त किंमत मोजून घेणाऱ्या खरेदीदाराला संरक्षण आहे; पण ती किंमत बँकेच्या खात्यात दिसली पाहिजे.

तिसरी मुदत वह्यांची आहे. त्या व्यवसायात रूढ व योग्य असलेल्या आणि व्यवहार व आर्थिक स्थिती पुरेशी स्पष्ट करणाऱ्या वह्या नादारीपूर्वीच्या तीन वर्षांत ठेवल्या नसतील, तर ऋणमुक्तीचा बिनशर्त आदेश नाकारला जातो. येथे अनेक छोटे व्यापारी फसतात. प्राप्तिकराच्या अनुमानित योजनेत ठरावीक टक्के नफा दाखवला की तपशीलवार हिशेबाची सक्ती राहत नाही, म्हणून रोजकीर्द लिहिणेच बंद होते. ती सवलत करापुरती आहे. नादारीच्या न्यायालयात ती वहीची जागा घेत नाही.

काही दुकानांत एक वही दाखवण्याची आणि एक गल्ल्याखालची असते. जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचे उतारे, यूपीआयच्या नोंदी आणि धनकोच्या स्वतःच्या खतावण्या एकमेकींशेजारी ठेवल्या की दुसरी वही लपून राहत नाही. वस्तुस्थिती झाकण्याच्या हेतूने कागद नष्ट केले किंवा खोट्या वह्या ठेवल्या, तर एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. श्रावकाच्या सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत कूटलेखक्रिया म्हणजे खोटे लेखन आणि न्यासापहार म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव गिळणे, हे दोन सांगितलेले आहेत. व्यापारी समाजाला या कायद्याची भाषा परकी वाटण्याचे कारण नाही.

दुर्दैव आणि बेजबाबदारी यांत कायदा फरक करतो. शिल्लक मालमत्ता रुपयात आठ आणेही भरत नसेल, तरी ते ऋणकोच्या दोषाने घडले नाही हे पटवता आले, तर तेवढ्यावरून त्याची अडवणूक होत नाही. दुकानात पाणी शिरून माल भिजला असेल, मोठा ग्राहक बुडाला असेल, आजारपणाने कंबर मोडली असेल, तर त्याचे कागद जपून ठेवावेत. बेफाम सट्टा, जुगार, न झेपणारा थाटमाट आणि फेडीची आशा नसताना घेतलेले नवे कर्ज यांना मात्र क्षमा नाही. १८६५ साली कापसाच्या तेजीबरोबर मुंबईतील शेअरचा फुगा फुटला, तेव्हा सट्ट्यातल्या नादारीचे चटके या किनाऱ्याने पुरेपूर सोसले आहेत.

ऋणमुक्तीच्या मर्यादाही आधीच माहीत हव्यात. सरकारचे देणे आणि लबाडीने केलेले कर्ज त्या आदेशाने सुटत नाही. गहाण घेतलेल्या बँकेचा तारणावरील हक्क कायम राहतो. जामीन राहिलेला भाऊ किंवा सहकर्जदार पत्नीही त्या आदेशाने मोकळी होत नाही. म्हणून अर्जापूर्वी घरातल्या प्रत्येकाने कुठे कुठे सही केली आहे, याची यादी करणे हे पहिले काम आहे. बहुतेक घरांत ती यादी कुणाकडेच नसते.

वाटपाच्या रांगेत सरकारी व स्थानिक संस्थेच्या देण्याबरोबर दुकानातील गुमास्ता, नोकर व मजूर यांच्या अर्जापूर्वीच्या चार महिन्यांतील पगारालाही अग्रक्रम आहे; पण त्याची कमाल मर्यादा कायद्याने माणशी वीस रुपये घातली आहे. १९२० साली ती रक्कम लहान नव्हती. आज त्या कलमाच्या भरवशावर दहा वर्षांच्या नोकराला सोडणे कोणत्याही पेढीला शोभणार नाही. त्याचा पगार थकू न देणे, हे दुकान नीट चालू असतानाच पाळायचे कर्तव्य आहे.

देणी फिटणार नाहीत हे ज्या दिवशी मनाशी पटेल, त्या दिवशी नवी उधारी थांबवावी. मालसाठा मोजून त्याची यादी करावी, रोजकीर्द त्या तारखेपर्यंत पूर्ण करावी आणि एकाही नातेवाइकाला गुपचूप पैसे देऊ नयेत. पत्नीला व मोठ्या मुलांना खरा आकडा सांगावा. न्यायालयात तो धनकोंसमोर उच्चारावा लागणारच आहे, तेव्हा घरातल्या माणसांनी तो तेथे प्रथम ऐकू नये. मग तीन वर्षांच्या वह्या, विवरणपत्रे आणि बँकेचे उतारे एकत्र बांधून वकिलाकडे जावे.