चुनखडीच्या खोऱ्यांतून, रूळ उखडलेल्या वाटांनी

इंग्लंडच्या मध्यभागी असलेल्या पीक डिस्ट्रिक्टचे दोन भाग पडतात. उत्तरेला गडद वालुकाश्माची ओसाड माळराने, म्हणजे डार्क पीक. दक्षिणेला फिकट चुनखडीचे पठार, म्हणजे व्हाइट पीक. १९५१ साली ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालेल्या या प्रदेशात सायकलवर बिऱ्हाड लादून हिंडणाऱ्यांचा खरा मुलूख व्हाइट पीक हाच. इथला चुनखडक सुमारे ३३ ते ३५ कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात साठत गेला. शेतांच्या बांधावर रचलेल्या दगडांत क्रिनॉइड या सागरी जीवांच्या देठांचे चकत्यांसारखे तुकडे अजून सहज दिसतात. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते, त्यामुळे पावसाचे पाणी पठारावर टिकत नाही, भेगांतून खाली जाते. ज्या थोड्या नद्या वर वाहतात, त्यांनी अरुंद आणि उभ्या कड्यांच्या दऱ्या कोरल्या आहेत.

या दऱ्यांत गाडीरस्ता एकदम उतरतो आणि समोरच्या अंगाने तितकाच चढतो. सामानाच्या ओझ्याने जड झालेल्या सायकलला असे दोन-तीन चढ पुरेसे होतात. आगगाडीला मात्र असा चढ झेपत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या अभियंत्यांनी कुठे बोगदा खोदून, कुठे भराव घालून, कुठे कमानी उभारून सौम्य वाट काढली. त्यातल्या चार लोहमार्गांवरचे रूळ गेल्या शतकात उखडले गेले आणि त्यांच्या जागी मॉन्सल, हाय पीक, टिसिंग्टन आणि मॅनिफोल्ड या चार पायवाटा-सायकलवाटा झाल्या. त्या एकमेकींना थेट जोडलेल्या नाहीत, मधले दुवे गाडीरस्त्यांचे आहेत. पण एका ओळीत गुंफल्या तर चुनखडीचा प्रदेश आतून पाहायला याहून चांगला मार्ग नाही.

सुरुवात बेकवेल गावापासून करावी. मॉन्सल वाट इथून वाय नदीच्या खोऱ्याने ब्लॅकवेल मिलपर्यंत सुमारे १४ किलोमीटर जाते. मिडलंड रेल्वेचा हा मार्ग १८६३ मध्ये बक्स्टनपर्यंत पोहोचला आणि १९६८ मध्ये बंद झाला. बेकवेलच्या दक्षिणेला हॅडन हॉल ही रटलंडच्या ड्यूकची हवेली आहे. हवेलीतून गाड्या दिसू नयेत म्हणून तिथला मार्ग बोगद्यात घालावा लागला, आणि आजची वाट त्या बोगद्याच्या अलीकडेच संपते. उलट दिशेने, म्हणजे वायव्येला निघाल्यावर हॅसॉपचे जुने स्टेशन मागे पडते आणि हेडस्टोन बोगद्यातून बाहेर येताच सायकल पाच कमानींच्या दगडी पुलावर असते. खाली नदीचे वळण, दोन्ही बाजूंना गवताळ उतार. हा पूल बांधला गेल्यावर कलासमीक्षक जॉन रस्किनने दरीचा नाश झाला म्हणून कठोर टीका केली होती. आज तोच पूल संरक्षित वास्तू आहे आणि मॉन्सल डेलचे चित्र त्याच्याशिवाय पुरे होत नाही.

१९८१ मध्ये वाट खुली झाली तेव्हा बोगदे बंदच ठेवले होते. प्रत्येक बोगद्यापाशी दरीत उतरून वळसा घालावा लागे, त्यामुळे सलग सायकल चालवणे अशक्य होते. २०११ मध्ये हेडस्टोन, क्रेसब्रुक, लिटन आणि ची टॉर हे चार बोगदे दिवे लावून उघडले आणि वाट खऱ्या अर्थाने सायकलची झाली. बोगदे प्रत्येकी ४०० मीटरच्या आसपास आहेत आणि आत भर उन्हाळ्यातही गारवा असतो. दिवे दिवसाच असतात, म्हणून संध्याकाळी निघणाऱ्याने आपला दिवा जवळ ठेवावा.

क्रेसब्रुक आणि लिटन बोगद्यांजवळ, खाली नदीकाठी दोन जुन्या सूतगिरण्या आहेत. लिटन मिल पाहताना थांबायलाच हवे. लंडनच्या सेंट पॅन्क्रस भागातल्या गरीबखान्यातून कामाला धाडलेला रॉबर्ट ब्लिंको नावाचा मुलगा या गिरणीत राबला. मारहाण आणि उपासमारीच्या त्याच्या आठवणी १८३२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या आणि बालमजुरीविरुद्धच्या चळवळीत त्यांचा पुरावा म्हणून उपयोग झाला. दरीचे सौंदर्य या मुलांच्या वाट्याला आले नाही, हे इथून जाताना विसरता येत नाही. पुढे मिलर्स डेलला दोन पूल शेजारीशेजारी उभे आहेत आणि त्यांच्या पलीकडे चुन्याच्या प्रचंड भट्ट्या. ही खोरी नुसती रम्य कधीच नव्हती, इथून दगड आणि चुना गाड्या भरभरून बाहेर जात असे.

ब्लॅकवेल मिलहून पठारावर जायला चेल्मॉर्टनच्या बाजूचा चढ घ्यावा लागतो. सबंध फेरीतला हा सर्वांत दमवणारा टप्पा. वर डौलो इथे, अजूनही चालू असलेल्या खाणीच्या शेजारी, हाय पीक वाटेचे उत्तर टोक आहे. तिथून क्रॉमफर्डजवळच्या हाय पीक जंक्शनपर्यंत ती २७ किलोमीटर भरते.

क्रॉमफर्ड अँड हाय पीक रेल्वे ही ब्रिटनच्या अगदी आरंभीच्या लोहमार्गांपैकी एक. पठाराच्या दोन बाजूंचे कालवे जोडायचे होते, पण चुनखडीवर पाणी ठरत नसल्याने वरून कालवा नेणे शक्य नव्हते. मग जोसायस जेसपने कालव्याच्याच पद्धतीने लोहमार्ग आखला. लांबच लांब सपाट पट्टे, आणि कालव्यात जिथे पाणी चढवणारी दारे असती तिथे तीव्र उतार. १८३०-३१ मध्ये ५३ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला तेव्हा सपाटीवर घोडे वाघिणी ओढत आणि उतारांवर जागेवर बसवलेली वाफेची इंजिने त्यांना दोराने वर खेचत. मिडलटन टॉपचे १८२९ साली घडवलेले इंजिन आजही आपल्या जागी आहे. गॉथम इथले वळण इतके आकसलेले आहे की ब्रिटनच्या प्रमाण मापाच्या लोहमार्गांवर त्याहून आखूड वळण नव्हते. रेल्वेच्या मानाने ते विलक्षणच. सायकलला मात्र ते जाणवतही नाही. त्यापुढचा हॉप्टनचा उतार १४ मीटरला १ मीटर चढणारा, आणि मिडलटनचा त्याहून तीव्र. हे उतार सायकलने उतरताना ब्रेक तपासून घ्यावेत, कारण वाटेवर बारीक खडी आहे. शीप पाश्चर उताराच्या पायथ्याशी सुटलेल्या वाघिणी अडवण्यासाठी केलेला खड्डा आहे आणि त्यात मोडलेल्या वाघिणीचे अवशेष अजून पडलेले दिसतात.

क्रॉमफर्डपर्यंत जाऊन परत येणे हा एक पूर्ण दिवस आहे. तो नसेल तर हाय पीक वाटेवरच्या ‘पार्स्ली हे’ या ठिकाणाहूनच टिसिंग्टन वाट धरावी. १८९९ मध्ये सुरू झालेल्या लोहमार्गाची ही २१ किलोमीटरची वाट १९७१ मध्ये खुली झाली. ती दक्षिणेला अ‍ॅशबर्नपर्यंत जवळजवळ सतत उतरते, लहान मुलांनाही जमते, आणि म्हणूनच सुट्टीच्या दिवशी गजबजते. वाटेतल्या टिसिंग्टन गावात दर वर्षी असेन्शनच्या सणाला विहिरी फुलांच्या पाकळ्यांच्या चित्रांनी सजवतात. पाणी जिथे दुर्मीळ, तिथे विहिरीचा असा मान राखला जाणे समजण्यासारखे आहे.

अ‍ॅशबर्नहून चढउतारांच्या आडरस्त्यांनी वॉटरहाउसेस गाठले की मॅनिफोल्ड वाट सुरू होते. ती १३ किलोमीटरचीच आहे, डांबरी आहे, पण चौघींत सर्वांत वेगळी, आणि मराठी माणसाला तिच्याशी नाते सांगता येते. लीक अँड मॅनिफोल्ड लाइट रेल्वेचा अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा बार्शी लाइट रेल्वेचाच कर्ता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत काम केलेल्या या माणसाने अडीच फुटी मापाच्या रुळांवर, प्रत्येक आसावर केवळ ५ टन भार टाकून, जड माल स्वस्तात वाहता येतो हे सिद्ध करायचे ठरवले. कुर्डुवाडी-बार्शी मार्ग १८९७ मध्ये सुरू झाला. सात वर्षांनी, १९०४ मध्ये, तेच माप आणि तेच तत्त्व घेऊन मॅनिफोल्डच्या दरीत गाडी धावली. दोन्हींची इंजिने लीड्सच्या किटसन कारखान्याची होती. स्टॅफर्डशरच्या धुक्यात चालणाऱ्या या गाडीच्या डब्यांना उष्ण प्रदेशातल्या डब्यांसारखे उघडे सज्जे होते.

दोन्ही मार्गांचे दैव मात्र निराळे. बार्शी लाइट लातूर, पंढरपूर, मिरजपर्यंत वाढली, वारकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्या ने-आण करत राहिली आणि आता ब्रॉडगेज झाली. मॅनिफोल्डची गाडी दूध आणि उन्हाळी सहली यांवरच जगत होती. दुधाची वाहतूक रस्त्यावर गेल्यावर १९३४ मध्ये ती थांबली. १९३७ मध्ये तिची वाट चालणाऱ्यांना खुली झाली. ब्रिटनमध्ये लोहमार्गाची पायवाट होण्याचे हे फार आरंभीचे उदाहरण आहे.

वाट आधी हॅम्प्स नदीला पुन्हापुन्हा ओलांडत बीस्टन टॉरच्या कड्यापर्यंत येते आणि मग मॅनिफोल्डच्या प्रवाहाविरुद्ध वळते. उन्हाळ्यात पात्र कोरडे असते. वेटन मिलपासून नदी जमिनीखाली जाते आणि काही किलोमीटरवर आयलमला पुन्हा वर येते. दरीच्या ८० मीटर वर थॉर्स केव्ह या गुहेचे १० मीटर उंच तोंड दिसते. अश्मयुगीन माणसाच्या वास्तव्याच्या खुणा तिथे सापडल्या आहेत. सायकल खालीच ठेवून पायी चढावे, दगड गुळगुळीत आहेत. वेटन मिलनंतर वाटेवर मोटारीही येतात आणि स्वेन्सलीचा बोगदा त्यांच्यासोबतच पार करावा लागतो. हा बोगदाही एका घरमालकाला गाडी दिसू नये म्हणून खोदला होता. ते घर सर थॉमस वॉर्डल यांचे. लीकचे हे रेशीम-रंगारी भारतातल्या टसर रेशमाचे जाणकार होते आणि १८८५-८६ मध्ये त्यासाठी भारतात येऊन गेले होते. पुढे एक्टनच्या तांब्याच्या जुन्या खाणी लागतात आणि हल्म एंडला मार्ग संपतो. स्टेशनाची इमारत शिल्लक आहे आणि तिथे या रेल्वेची माहिती मांडली आहे. हल्म एंडहून हार्टिंग्टन ३ किलोमीटर. गावातून पठारावर चढले की जुन्या सिग्नल केबिनपाशी टिसिंग्टन वाट पुन्हा लागते आणि तिथून पार्स्ली हे उत्तरेला अर्ध्या तासाच्या आत येते.