पिवळं फूल म्हणजे टाकळाच नव्हे!

श्रावण लागला की एखादा वीकेंड मॉलऐवजी बोरिवलीच्या नॅशनल पार्कला द्यावा. (सोमवारी बंद असतं हं!) वाटेत रस्त्याकडेला, रिकाम्या प्लॉटवर पिवळी फुलं दिसतात आणि ग्रुपमधलं कुणीतरी हमखास म्हणतं, 'अरे, टाकळा! भाजी मस्त होते याची.'

तिथे मी ब्रेक लावते. टाकळ्याला एक जुळा भाऊ आहे, कासविंदा. तसंच पाच पाकळ्यांचं पिवळं फूल, राहायचा पत्ताही तोच. पण पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांचे जीव घेणाऱ्या आजारामागे बहुधा कासविंदाच होता, असं २००७मध्ये संशोधक डॉक्टरांनी मांडलं.

म्हणून मी फूल बघत बसत नाही, पान मोजते. टाकळ्याच्या पानावर छोट्या पानांच्या तीनच जोड्या, टोकाला गोलसर. कासविंद्याला चार ते सहा जोड्या, टोकदार. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, वाकडी. कासविंद्याची चपटी, कडेला फिकट.

पार्कात काही तोडायचं नाही, नुसतं ओळखायचं. भाजी खायचीय? पहिल्या पावसात कोवळा टाकळा विकायला बसणाऱ्या मावशींकडूनच घ्या. त्यांची नजर आपल्यापेक्षा पक्की असते.