पाहणाऱ्याला विचारा

खडवलीतल्या माझ्या दवाखान्यात ईईजीचं, म्हणजे मेंदूची विद्युतनोंद घेणारं, यंत्र नाही. फिटचा पेशंट आला की मी आधी सोबतच्या माणसाला बोलतं करतो. ज्याला फिट आली त्याला त्यातलं काहीच आठवत नसतं. "हातपाय झाडले, फेस आला, कांदा हुंगवला," इथे बहुतेकांचं सांगणं संपतं. (फिट एक-दोन मिनिटांत आपली आपण थांबते, श्रेय कांद्याला जातं.) माझं काम तिथून पुढे. मान आधी कुठे वळली? डोळे उघडे होते की मिटलेले? जीभ कडेला चावली का? माणसं ओळखायला किती वेळ लागला? कसारा लोकलच्या गर्दीत उभ्याउभ्या घाम फुटून, डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळलेला आणि लगेच "टिटवाळा गेलं का?" विचारणारा मुलगा बहुधा फिटचा नसतो. साध्या चक्करेतही दोन-चार झटके येतात. हे निसटलं तर पोरगा वर्षानुवर्षं गोळ्या खात बसतो.

लंडनच्या डॉक्टर ह्यूलिंग्ज जॅक्सनकडेही यंत्र नव्हतं. झटका अंगठ्यापासून हातावर, मग चेहऱ्यावर कसा सरकतो ते पाहून त्याने 1870 च्या सुमारास फिट सुरू होण्याची मेंदूतली जागा ताडली. हान्स बर्गरने माणसाच्या मेंदूची पहिली विद्युतनोंद घेतली ती 1924 साली. आणि आजही, फिट येऊन गेल्यावर काढलेला ईईजी कितीदा तरी नॉर्मल येतो. रिपोर्ट पाहून घरचे गोळ्या बंद करतात, हे वेगळंच दुखणं.

गोळ्यांत 1912 चं फिनोबार्बिटोन अजून टिकून आहे. ग्लासगोत 2000 साली मोजलं तेव्हा गोळ्यांनी सुमारे 64 टक्के रुग्णांच्या फिट थांबल्या होत्या. मधे बरीच नवी औषधं आली, त्यांचा त्रासही कमी. पण तिथलीच 2018 सालची मोजणी पुन्हा 64 टक्क्यांवर. उरलेल्यांसाठी जनुकं, शस्त्रक्रिया, मेंदूत बसवायची यंत्रं यांवर काम चाललंय. चालू दे.

मला अप्रूप आहे ते मोबाईलचं. अमेरिकेतल्या 2020 च्या एका अभ्यासात तज्ज्ञांनी नुसते मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून दहांत जवळपास नऊ वेळा बरोबर निदान केलं. म्हणून निघताना भातसा नदीत उतरू नको, लोकलच्या दारात उभा राहू नको, हे पेशंटला सांगून झालं की घरच्यांना म्हणतो: आधी कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर थेट हॉस्पिटल. हे करायला एक जण असला की दुसऱ्याने मोबाईल काढा. चेहरा दिसू द्या, आणि झटके थांबले म्हणून लगेच बंद करू नका.