न खाणारा मासा

गोल्डफिश न खाल्ल्याने सहजासहजी मरत नाही. त्याने न खाल्लेल्या खाण्याने मात्र मरू शकतो. एवढी साधी गोष्ट घरात पटवून द्यायला मला चांगला आठवडा लागला. निमित्त होतं भाचीच्या सातव्या वाढदिवसाला आलेला केशरी मासा.

ताई अहिल्यानगरला सावेडीत राहते. दोन गल्ल्या सोडून आमचं घर, आणि तिथे बसून मी एका पुण्याच्या कंपनीसाठी कोड लिहितो. मासा आल्यावर तीन दिवस त्याने दाण्याला तोंड लावलं नाही. दाणे तळाशी साचले, पाणी दुधाळ झालं, मासा पंख अंगाशी मिटून कोपऱ्यात बसला. आई म्हणाली, "पोटात अन्नाचा कण नाही त्याच्या, पोळीचा चुरा तरी टाका." भाचीने विचारलं, "मामा, तो माझ्यावर रुसलाय का?" आणि थोड्या वेळाने, हळूच, "मरेल का?"

आपल्याकडे मायेची भाषाच खाण्याची आहे. 'जेवलास का' हा प्रश्न आपण ख्यालीखुशाली विचारावी तसा विचारतो. समोरचा जेवला नाही की आपल्याला चैन पडत नाही, मग आग्रह सुरू होतो. पाहुण्याच्या बाबतीत हे खपून जातं. माशाचं ताट आणि त्याचा श्वास मात्र एकाच पाण्यात असतात.

गोल्डफिशला जठर नसतं. घशातल्या दातांनी भरडलेलं अन्न थेट आतड्यात जातं. शरीरात तयार होणारा अमोनिया तो मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. कुजणारे दाणेही अमोनियाच तयार करतात. नदी-तळ्यात तो पसरून जातो, चाळीस लिटरच्या काचेच्या टाकीत जाणार कुठे? जुन्या, मुरलेल्या टाकीत काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट. सर्गेई विनोग्राडस्कीने असे जिवाणू १८९० च्या सुमारास मातीतून वेगळे करून दाखवले होते. नव्या टाकीत त्यांची वसाहत नसते, ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे दुकानातून आलेली चकचकीत स्वच्छ टाकी माशासाठी सगळ्यात धोक्याची.

त्यात आमच्याकडचं पाणी. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून टाकी भरली होती बोअरच्या पाण्याने. भांड्यांवर पांढरे डाग पाडणारं जड पाणी, पीएच आठच्या आसपास. २५ अंश सेल्सिअस तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तेच प्रमाण पाच टक्क्यांच्या घरात जातं. जवळपास दहापट. वर एप्रिल महिना. पाणी तापलं की हे प्रमाण आणखी वाढतं आणि पाण्यातला प्राणवायू कमी होतो. अशा पाण्यात भूक मेली तर नवल ते काय.

मला आमच्या आजोबांचा संगमनेर तालुक्यातला गोठा आठवला. गाय खायची थांबली की ते तिला चारा भरवायच्या मागे लागत नसत. आधी गव्हाणीतला शिळा चारा काढून टाकायचे. मग कानाच्या मुळाशी हात लावायचा, रवंथ करतेय का बघायचं, शेण बघायचं, पाण्याचं भांडं बघायचं. न खाणं हा त्यांच्या लेखी आजार नव्हताच, तो गाईने दिलेला निरोप होता. आता तो निरोप कशाबद्दल आहे, हे शोधायचं काम माणसाचं.

आम्ही तेच केलं. तळाचे दाणे नळीने ओढून काढले आणि खाणं पूर्ण बंद केलं. धडधाकट गोल्डफिश आठवडाभर सहज उपाशी राहतो, हे आईला तीनदा सांगावं लागलं. रोज पाव टाकी पाणी बदललं. नळाचं पाणी आलं की ते क्लोरीन उडून जाण्यासाठी बादलीत दिवसभर उघडं ठेवून, टाकीतल्या पाण्याच्या तापमानाला आल्यावरच घातलं. टाकी खिडकीपासून हलवली, एअर पंप चालू ठेवला. एका मित्राच्या जुन्या टाकीतल्या फिल्टरचा मळका स्पंज ओलाच आणून आमच्या फिल्टरमध्ये बसवला. "हे घाण कशाला?" आईने विचारलं. त्या घाणीतच जिवाणू होते. परीक्षेच्या थेंबांनी पाण्याचा नमुना हिरवा व्हायचा, म्हणजे अमोनिया आहे. पिवळा म्हणजे नाही. हिरव्याकडून पिवळ्याकडे सरकायला चार दिवस गेले.

ते चार दिवस अवघड होते. भाचीला मी "नाही मरणार" असं म्हणालो नाही, कारण तशी खात्री नव्हती. "आपण त्याचं पाणी नीट करतोय, बाकी त्याच्यावर," एवढंच म्हणालो. सात वर्षांच्या मुलीला काहीतरी करायचं असतं, आणि खाऊ घालण्याखेरीज तिच्या हाताला दुसरं काम माहीत नव्हतं. म्हणून थेंब मोजायचं काम तिला दिलं.

पाचव्या दिवशी माशाचे पंख उघडले आणि तो खडे तोंडात घेऊन थुंकू लागला. सहाव्या दिवशी एकच बुडणारा दाणा टाकला. त्याने तो घेतला, थुंकला, पुन्हा घेतला. गोल्डफिश असाच चाळून खातो, नकार तो नव्हे.

खरी कसोटी त्यानंतर होती. आनंदाने सगळ्यांचे हात डब्याकडे गेले. पण स्पंज एका दिवसात पोटभर खाणाऱ्या माशाचा भार उचलत नाही. दिवसाला तीन दाणे, दोन मिनिटांत उरले तर काढून टाकायचे, असं ठरलं. धाप लागल्यासारखा पृष्ठभागावर तोंड उघडू लागला किंवा अंगावर पांढरे ठिपके दिसले, तर लगेच मला फोन.

भाचीने आता एक वही केली आहे. त्यात मासा काय जेवला याची नोंद नाही. तारीख आणि पुढे पाण्याचा रंग: हिरवट, फिकट, पिवळा, पिवळा, पिवळा.